चौदा दात

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कॉफीची तोडणी लागली आणि त्याच आठवड्यात झुल्मिराच्या लक्षात आलं, की नवरा डब्यातला भात नुसता चिवडतोय.

दोघं एकाच ओळीत तोडायची. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती, आणि तेवीस हंगाम हे असंच. झाडाखाली फडकं पसरायचं, वरच्या फांद्या दोर्वालिनोनं ओरबाडायच्या, खालच्या तिनं. फळं गोळा झाली, की तो चाळणी भरून वर उडवायचा. पाला वाऱ्यावर जायचा, फळं परत चाळणीत. त्याच्यासारखं पाखडणं आमच्या वसाहतीत कुणाला जमत नसे. ब्राझीलमधल्या मीनासच्या डोंगरात जूनमध्ये सकाळी बोटं लाकडासारखी होतात, पाल्यावरचं दव बाहीतून थेट काखेत उतरतं. दहाच्या सुमाराला पाठीवर ऊन आलं, की सगळी टोळी बांधावर बसते आणि डबे उघडतात.

‘‘खात का नाहीस?’’ झुल्मिरानं विचारलं.

‘‘खातोय की.’’

‘‘काय खातोयस? भात होता तसा आहे. घेवड्याचं पाणी तेवढं पिऊन टाकलंस.’’

‘‘दात दुखतोय जरा.’’

‘‘कुठला?’’

दोर्वालिनोनं जीभ तोंडात सगळीकडे फिरवून बघितली. ‘‘कुठला नाही ते विचार,’’ म्हणाला आणि हसला. हसताना त्यानं तोंडावर हात धरला. हे तिनं आधी कधी बघितलं नव्हतं. त्याचं हसणं म्हणजे खळाळून, डोकं मागं टाकून. लांबून ऐकलं तरी कळायचं कोण हसतंय ते.

संध्याकाळी तिनं त्याला दारात, उजेडाकडे तोंड करून बसवलं. ‘‘आ कर.’’ वरच्या हिरड्या सुजून दातांवर आल्या होत्या. लाल, खरबरीत, आणि त्यावर बारीक बारीक ठिपके. अर्धवट पिकलेल्या तुतीच्या फळासारख्या. तिनं बोटानं पुढचा दात हलवला, तर तो दारातल्या सैल खुंटीसारखा हलला.

‘‘तेर्तुलियानोला दाखवू,’’ ती म्हणाली.

तेर्तुलियानो वसाहतीच्या टोकाला राहायचा. त्याच्या ओसरीत एकच खुर्ची होती, तीवर तो केसही कापायचा आणि दातही काढायचा. दात काढायला तो बापाकडून शिकला आणि बाप कुणाकडून, ते देवाला ठाऊक. पण हात हलका होता. शिवाय तो दोर्वालिनोच्या लेकीचा बाप्तिस्म्यातला धर्मबाप. दोघं एकमेकांना कोंपाद्रे म्हणायचे, आणि आमच्याकडे कोंपाद्रे म्हणजे सख्ख्या भावापेक्षा काकणभर सरसच.

रविवारी त्यानं चिमटा उकळला, एक सुई टोचली आणि म्हणाला, ‘‘झुल्मिरा, डोकं धर.’’

ती खुर्चीमागं उभी राहिली, नवऱ्याचं डोकं पोटाशी घट्ट धरलं. त्याचे कान तिच्या तळव्यांत होते, गरम. मऊ मातीतून लसूण उपटावा तसा पहिला दात आला. रक्त मात्र खूप आलं. तेर्तुलियानोनं दात उजेडात फिरवून बघितला.

‘‘कीड दिसत नाही रे.’’

‘‘मग काढलास कशाला?’’ दोर्वालिनो बोळा चावत म्हणाला.

‘‘हलत होता म्हणून. मुळाशी काहीतरी असणार. हिरडी बघ की, सगळी चाळण झालीय.’’

त्या रविवारी चार, पुढच्या रविवारी पाच. तिसऱ्या रविवारी वरचे उरलेले पाच. एकूण चौदा. सगळे पांढरेशुभ्र, लांब मुळांचे. तेर्तुलियानो दर वेळी दात फिरवून बघायचा, दर वेळी कपाळाला आठी घालायचा, आणि दर वेळी झुल्मिरा डोकं धरून उभी असायची.

‘‘आता बरं वाटेल,’’ तो म्हणाला. ‘‘जखमा भरू दे. मग मी कवळी करवून आणतो, आणि तू लग्नातल्यासारखा दिसशील.’’

‘‘लग्नात मी भिऊन रडत होतो,’’ दोर्वालिनो म्हणाला.

जखमा भरल्या नाहीत. जुलै संपला, तोडणी अर्धी झाली, तरी भरल्या नाहीत. उलट ते लाल, ठिपक्यांचं मांस हिरडीवरून गालाच्या आतल्या बाजूला गेलं, तिथून ओठाकडे आलं. वरचा ओठ जाड झाला, कडक झाला. तोंडातून लाळ गळायची, ती तो बाहीनं पुसायचा. बाही दिवसभर ओली. आवाज बसला. पहिल्यांदा वाटलं, थंडीनं बसलाय. पण थंडी ओसरली तरी आवाज आलाच नाही. वाळलेल्या मक्याच्या पानांत काहीतरी सरपटावं, तसा आवाज राहिला.

टोळीला पाण्याचा एकच कॅन आणि एकच पत्र्याचा पेला. एके दिवशी दोर्वालिनोनंतर एका बाईनं पेला झग्याला पुसला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी पेला विसळून पाणी ओतून टाकलं. तिसऱ्या दिवशी टोळीचा मुकादम अदाउतो ओळीत आला. फांद्या बघितल्यासारखं करत थोडा वेळ उभा राहिला.

‘‘दोर्वालिनो, वाईट वाटून घेऊ नकोस.’’

‘‘कशाचं?’’

‘‘बायका कुरकुर करतात. तू घरून आपला पेला आणत जा. तुझ्याही सोयीचं.’’

आसपासच्या चार ओळींतले हात थांबले होते. फळं फडक्यावर पडल्याचा आवाज येईना. दोर्वालिनोनं तोंडावर हात धरला. ‘‘आणतो की. मोठा आणतो, म्हणजे तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त पिईन.’’

कुणी हसलं नाही. झुल्मिरा खाली बसून खालच्या फांद्या ओरबाडत राहिली. तिनं मान वर केली नाही.

मग वसाहतीत बोलणं सुरू झालं. कुणी म्हणालं, झडायचा रोग आहे, आता बोटं जातील. कुणी म्हणालं, छातीचा आहे. नळावर बायका झुल्मिराला विचारायच्या, ‘‘कसा आहे गं तो?’’ आणि उत्तर ऐकायच्या आत बादली उचलायच्या.

लेक इव्होनेती वसाहतीतच दिलेली होती. तिची तायना तेव्हा आठ महिन्यांची. दर रविवारी ती यायची, आणि दोर्वालिनो नातीला गुडघ्यावर उताणी घेऊन तिच्या पोटावर तोंड टेकवून फुर्र करायचा, पोर खिदळायची. ऑगस्टमधल्या एका रविवारी त्यानं तसंच तिला उचललं.

‘‘बाबा, नको.’’

‘‘काय नको?’’

‘‘तोंड नको नेऊस जवळ. लहान आहे ती.’’

दोर्वालिनोनं नातीला चटईवर ठेवलं. अंडी ठेवतात तसं हळूच. मग टोपी घेऊन मागच्या दारानं कोंबड्यांकडे गेला आणि लेक जाईपर्यंत आला नाही. पुढच्या रविवारी इव्होनेती आलीच नाही. त्याच्या पुढच्या रविवारी एकटी आली. म्हणाली, तायनाला सर्दी झालीय.

झुल्मिरा लेकीला काही बोलली नाही. बोलणार कोणत्या तोंडानं? तिनं स्वतः खिळ्यानं एका ताटाच्या बुडाला रेघ मारली होती. ते ताट वेगळं धुवायची, वेगळं ठेवायची. दोर्वालिनोला ती रेघ बोटाला लागली. त्यानं ताट उलटं करून बघितलं, परत सुलटं केलं आणि पेज पिऊन टाकली. त्याच दिवशी संध्याकाळी त्यानं आपली गादी गुंडाळली आणि हत्यारांच्या खोलीत नेली. कुदळी, फावडी, खताची रिकामी पोती, त्यांच्यामध्ये अंथरली.

‘‘मी खोकतो. तुझी झोपमोड होते,’’ म्हणाला.

झुल्मिरा चादर घेऊन मागं गेली. गादीवर चादर घातली, कडा नीट दुमडल्या. नको जाऊस, असं म्हणाली नाही. मनात आलं होतं, पण म्हणाली नाही.

सप्टेंबरमध्ये खोकला वाढला. चढ चढताना दोर्वालिनो दर दहा झाडांमागं थांबायला लागला, तेव्हा गावातल्या आरोग्यकेंद्रात गेली दोघं. तिथल्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढायला पाठवलं. फोटोत दोन्ही फुप्फुसांवर पांढरे पंख पसरल्यासारखे दिसत होते. थुंकी तीनदा तपासली, तीनदा काही सापडलं नाही. तरी डॉक्टर म्हणाला, क्षयच असणार, एवढं वाळलेलं माणूस, दुसरं काय असणार?

‘‘तोंडात पण जखमा आहेत डॉक्टर,’’ झुल्मिरा म्हणाली.

‘‘दात कुणी काढले?’’

‘‘आमच्या वसाहतीतल्या एकानं.’’

‘‘मग आणखी काय होणार?’’ त्यानं कागदावरून मान वर न करता म्हटलं. तोंड उघड, असं तो म्हणाला नाही.

क्षयाच्या गोळ्या सहा महिने. लघवी गाजरासारखी व्हायची, पोटात मळमळायचं. दोर्वालिनोनं एक दिवस चुकवला नाही. सकाळी हत्यारांच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून गोळ्या गिळायचा, गिळताना मान कोंबडीसारखी उंच करायचा, कारण घशातून खाली जातच नसत. नाताळ आला. घरात डुक्कर शिजलं, इव्होनेतीच्या सासरची माणसं आली. दोर्वालिनो अंगणात लिंबाच्या झाडाखाली टोपी खाली ओढून बसला होता. त्याच्या ताटात मक्याचं घट्ट पिठलं आणि डुकराचा नुसता रस्सा. तायना उभी राहायला शिकली होती. ती दारापर्यंत आली, त्याच्याकडे बोट दाखवलं, आणि आईनं तिला उचलून आत नेलं.

मार्चमध्ये गोळ्या संपल्या. तो आणखी वाळला होता. पँट सुतळीनं बांधायचा. तोंड आता पुरतं उघडत नव्हतं. ओठाच्या कडा आखडून आल्या होत्या.

एप्रिलमध्ये मळ्याच्या शाळेत दातांची डॉक्टर आली. झुल्मिरा आठवड्यातून दोन दिवस शाळा झाडायची, म्हणून तिनं बघितलं. बाई तरुण होती, नाव नोएली. पोरांना खिडकीपाशी एकेक बसवून, कपाळाला दिवा लावून तोंडात बघायची. घाई नाही. एका पोराच्या जिभेखाली काहीतरी दिसलं, तर तिनं त्याला तीनदा उघडायला लावलं. झुल्मिरा केरसुणी हातात धरून बघत राहिली. असं बघतात होय तोंड, असं तिला वाटलं.

‘‘बाई, मोठ्या माणसाचं बघता का?’’

‘‘बघते की. कुणाचं?’’

दोर्वालिनो यायला तयार नव्हता. ‘‘वरती एकही दात नाही मला. दातांच्या डॉक्टरकडे जाऊन काय करू? हिरड्या मोजून घेऊ?’’

‘‘चल म्हटलं ना.’’

‘‘पोरांसमोर नको, झुल्मिरा.’’

‘‘पोरं गेल्यावर नेते.’’

पोरं गेली. बुटक्या बाकावर तो गुडघे छातीशी घेऊन बसला. टोपी मांडीवर. नोएलीनं दिवा लावला आणि बघितलं. बोटानं ओठ हळूच वर केला, गाल ओढला, जीभ बाहेर काढायला लावली. मग जबड्याखाली, मानेला दोन्ही बाजूंनी चाचपलं. तिथं गाठी होत्या. शेवटी दिवा बंद केला आणि बाक ओढून त्याच्या समोर बसली.

‘‘तुमचं काम कोणतं?’’

‘‘कॉफी. लहानपणापासून.’’

‘‘माती खणायचं काम?’’

‘‘रोपं लावायचे खड्डे. हा सगळा डोंगर मीच खणलाय म्हणा ना.’’

‘‘बिळं उकरून आर्मडिलो धरायला जायचात कधी?’’

दोर्वालिनोनं झुल्मिराकडे बघितलं. ‘‘तरुणपणी. बिळात हात घालून. का?’’

‘‘आवाज कधी बसला?’’

‘‘वर्ष होत आलं.’’

नोएलीनं मान हलवली. ‘‘काका, हे दातांचं दुखणं नव्हतंच. तोंडात दिसतंय, पण ते तोंडातलं नाही. मातीत एक बुरशी असते, डोळ्यांना न दिसणारी. माती खणताना ती श्वासातून आत जाते, फुप्फुसात बसते. वीस वर्षं गप्प बसते कधी कधी. मग जागी होते, आणि तोंडात, घशात अशी बाहेर येते. इथं मातीत काम करणाऱ्या पुरुषांना होतो हा रोग. नमुना तपासायला पाठवते, पण मला शंका नाही.’’

‘‘आणि क्षय?’’

‘‘क्षय नसावा. फोटोत दोन्ही रोग सारखेच दिसतात.’’

‘‘मग ते दात—’’ झुल्मिरा म्हणाली, आणि थांबली.

‘‘हिरडी खराब झाली म्हणून हलत होते. औषध मिळालं असतं तर बरेचसे राहिलेही असते.’’

झुल्मिराच्या तळव्यांना त्या खुर्चीतले त्याचे गरम कान पुन्हा जाणवले. बाहेर कुणीतरी ट्रॅक्टर सुरू करत होतं, तो सुरू होत नव्हता. तिनं विचारायचं ते विचारलं.

‘‘हे... दुसऱ्याला लागतं का?’’

‘‘नाही.’’

‘‘म्हणजे एका पेल्यातून—’’

‘‘नाही. पेला नाही, ताट नाही, श्वास नाही. हा माणसाचा माणसाला होत नाही, काकू. मातीतूनच होतो. नवराबायकोलाही होत नाही, लेकरालाही नाही.’’

दोर्वालिनो मांडीवरच्या टोपीची कड बोटांत फिरवत होता. फिरवायचा थांबला. झुल्मिराकडे त्यानं बघितलं नाही. त्यानं बघितलं असतं तर तिला सोपं गेलं असतं.

घरी आल्या आल्या झुल्मिरा हत्यारांच्या खोलीत गेली, गादी उचलली. कुबट वास येत होता तिला, खताचा आणि त्याच्या घामाचा. ती गादी छातीशी धरून दारात आली, तर तो दारात उभा.

‘‘राहू दे,’’ तो म्हणाला.

‘‘ऐकलंस ना बाई काय म्हणाली?’’

‘‘ऐकलं. आता सवय झालीय मला.’’

‘‘दोर्वालिनो.’’

‘‘तुझी चूक नाही. तुझ्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.’’

‘‘तू केलं नसतंस,’’ झुल्मिरा म्हणाली.

ते खरं होतं, आणि त्याला पुन्हा खोटं बोलता येईना. झुल्मिरा गादी घेऊन त्याच्या बाजूनं घरात गेली. त्यानं अडवलं नाही. पण त्या रात्री तो भिंतीकडे तोंड करून निजला, आणि पुढंही कितीतरी दिवस तसाच.

तपासणीत नोएली म्हणाली तेच निघालं. गोळ्या सुरू झाल्या, मोठ्या, पांढऱ्या, दिवसातून दोनदा, दोन वर्षं घ्यायच्या. बातमी वसाहतीत पसरली, तसा तेर्तुलियानो एका दुपारी आला. अंगणातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना.

‘‘कोंपाद्रे, मी तुझे चौदा चांगले दात काढले.’’

‘‘काढलेस.’’

‘‘एकालाही कीड नव्हती. मला दिसत होतं. दिसत होतं आणि मी काढत होतो.’’ सत्तरीचा माणूस, त्यानं दोन्ही हात पँटच्या खिशात खुपसले, जणू ते कुणाला दिसायला नकोत.

दोर्वालिनो त्या सरपटत्या आवाजात म्हणाला, ‘‘अरे, फुकट काढलेस ना? फुकटच्या घोड्याचे दात मोजायचे नसतात, म्हणतात.’’

तेर्तुलियानो हसला आणि हसता हसता रडायला लागला. त्यानंतर त्यानं दात काढले नाहीत. कुणी आलं, की केस कापून द्यायचा आणि म्हणायचा, दातासाठी शाळेत जा, बाई महिन्यानं येते.

झुल्मिरा तोडणीच्या पहिल्याच दिवशी डब्याच्या वेळी टोळीसमोर उभी राहिली. ‘‘ऐका. माझ्या नवऱ्याचा रोग लागत नाही. मातीतून येतो. डॉक्टरनं सांगितलंय.’’ सगळ्यांनी माना हलवल्या. अदाउतो म्हणाला, ‘‘देव पावला.’’ पण दोर्वालिनो कामावर नव्हताच, आणि ज्या पेल्यातून तो आता पिणार नव्हता, त्याबद्दल कबूल व्हायला कुणाचं काय जात होतं?

गोळ्या लागू पडल्या, हे खरं. दीड महिन्यात तोंडातलं लाल मांस खाली बसलं, ठिपके गेले, गुलाबी, तुळतुळीत कातडी आली. जुलैत त्यानं शिजवलेलं रताळं खाल्लं, मग भेंडी, मग चिकनचा मऊ तुकडा. झुल्मिरा समोर बसून त्याच्या तोंडाकडे बघायची, आणि तो म्हणायचा, ‘‘बघतेस काय, मी काय वासरू आहे?’’ आवाज मात्र परत आला नाही. आणि इव्होनेती तायनाला घेऊन आली, तेव्हा पोर आजोबाला बघून आईच्या मानेत तोंड खुपसून रडली. तिला तो माणूस माहीतच नव्हता.

‘‘आजोबा आहेत गं, जा,’’ इव्होनेती म्हणाली. ती स्वतःही रडत होती. ‘‘बाबा, घे ना तिला.’’

‘‘राहू दे. भ्यायलीय ती.’’

‘‘घे ना, बाबा.’’

‘‘येईल तेव्हा येईल.’’ त्यानं टोपी तोंडासमोर धरली होती, आखडलेला ओठ पोरीला दिसू नये म्हणून. पुढं ती त्याच्याशी खेळायला लागली. त्यानं सोललेल्या उसाच्या कांड्या ती त्याच्या खिशातून चोरायची. पण तो तिच्याजवळ तोंड नेत नसे. पोटावर फुर्र त्यानं परत केलं नाही. तायना कधी चेहरा पुढं आणायची, तर तो मान बाजूला वळवायचा. डॉक्टरनं सांगितलेलं त्याच्या डोक्याला पटलं होतं, मानेला पटलं नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी तो काळवंडायला लागला. उन्हात जात नव्हता, तरी हातांच्या रेघा, ओठ, उरलेल्या हिरड्या शाईनं भरल्यासारख्या. मीठ मागायचा. भातावर मीठ, रताळ्यावर मीठ, नुसतं तळहातावर घेऊन चाटायचा. उठला, की भिंत धरायचा. झुल्मिराला वाटलं, अशक्तपणा आहे, आत्ताच तर जेवायला लागलाय. तिनं त्याच्यासाठी कोंबडी कापली.

नोएली महिन्याच्या फेरीला आली तेव्हा तिनं त्याचे ओठ बघितले आणि तिचा चेहरा बदलला. ‘‘कधीपासून?’’ तिनं विचारलं. मग शहरातल्या मोठ्या इस्पितळाला चिठ्ठी लिहिली. मूत्रपिंडाच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात, म्हणाली. रोगानं त्या खाल्ल्या असतील. औषध आहे, पण उशीर नको, सोमवारी जाच.

शनिवारी सकाळी तो उलट्या करायला लागला. पाणी ठरेना. इव्होनेतीचा नवरा मळ्याचा ट्रक घेऊन आला. ट्रकमध्ये दोर्वालिनोचं डोकं झुल्मिराच्या मांडीवर होतं, तिचे दोन्ही तळवे त्याच्या कानांवर, खड्ड्यांचा हिसका बसू नये म्हणून. कान गार होते.

‘‘झुल्मिरा,’’ तो म्हणाला.

‘‘काय?’’

‘‘चादर तू नीट घातली होतीस. कडा दुमडून.’’

तिला पहिल्यांदा कळलं नाही, कोणत्या चादरीबद्दल बोलतोय. कळलं, तेव्हा तिनं तळवे आणखी घट्ट धरले.

इस्पितळात तो दोन दिवस होता. सोमवारी, ज्या दिवशी जायचं ठरलं होतं त्या दिवशी, दुपारी तीनला गेला. तिथला डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, रोग आटोक्यात येत होता, पण शरीरात जे आधीच मोडलं होतं ते मोडलं होतं. वर्षभर आधी यायला हवं होतं तुम्ही. झुल्मिरा म्हणाली, ‘‘वर्षभर आधी आम्ही हिंडतच होतो, डॉक्टर.’’

घरी आणला, टेबलावर ठेवला. तेर्तुलियानोनं त्याची दाढी केली. हनुवटीखालून डोक्यावर पांढरं फडकं बांधून जबडा मिटवला. सगळी वसाहत आली. अदाउतो आला, नळावरच्या बायका आल्या, टोपल्या उतरवून टोळी आली. त्या वर्षी पाऊस लवकर पडून गेला होता आणि कॉफीच्या ओळी एका रात्रीत फुलल्या होत्या. दारातून त्या फुलांचा दाट गोड वास आत येत होता.

झुल्मिरा टेबलापाशी गेली. वाकली, आणि सगळ्यांसमोर त्याच्या तोंडावर, त्या आखडलेल्या ओठावर, तोंड टेकवलं. बराच वेळ. बायकांची जपमाळ थांबली. कुणीतरी श्वास ओढला. ती उठली तेव्हा तिनं ओठ पुसले नाहीत. नळावरच्या बायकांकडे एकेकीकडे बघितलं आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसली.

पुढच्या जूनमध्ये ती एकटीच ओळीत होती. वरच्या फांद्यांना शिडी लावायची. एका सकाळी दोन ओळी पलीकडचा बेलार्मिनो तिच्या शिडीखाली येऊन उभा राहिला. पस्तिशीचा, खड्डे खणणारा गडी. उगाच फडकं सरळ करत राहिला.

‘‘काय रे?’’ झुल्मिरानं वरून विचारलं.

‘‘काकू, हिरडी जरा...’’ तो तोंडावर हात धरून म्हणाला. ‘‘तूच बघून सांग म्हटलं.’’

झुल्मिरा खाली उतरली. त्याला उन्हाकडे वळवलं, हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं आणि बोटानं ओठ वर केला. तिनं बघितलं. घाई केली नाही. मग त्याच्या जबड्याखाली दोन्ही बाजूंना चाचपलं.

‘‘चाळणी ठेव खाली,’’ ती म्हणाली. ‘‘बायकोला हाक मार.’’

‘‘आत्ता? तोडणी चाललीय. अदाउतो—’’

‘‘अदाउतोला मी बघते.’’

दूध घेऊन शहराकडे जाणारा ट्रक फाट्यावरून साडेदहाला जातो. तिघं मागच्या फळीवर चढली. बेलार्मिनो एका कडेला बसला, टोपी खाली ओढून. त्याची बायको क्रेउझा पोटुशी होती, सहावा महिना. ती पार दुसऱ्या टोकाला, दुधाच्या कॅनांना टेकून बसली, साडेतीन हात अंतर ठेवून. तिनं नाकातोंडाला रुमाल लावला होता. बेलार्मिनो तिच्याकडे बघत नव्हता. लाल रस्त्याची धूळ मागं उडत होती.

झुल्मिरा दोघांच्या मधून उठली. हलत्या ट्रकमध्ये कॅनांना धरत धरत क्रेउझापाशी गेली, तिचा हात धरला आणि तिला उभं केलं.

‘‘तिकडे नाही,’’ ती म्हणाली. ‘‘इकडे ये. त्याच्याजवळ बस.’’